सोन्याच्या मुलुखात एक दिवस : कालगुर्ली, कूलगार्डी आणि आसपासचे अनुभव

पर्थकर
पर्थला आलेला मराठी माणूस कधी ना कधी विचारतोच की कालगुर्लीला (पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणींचं गाव) जावं का, जवळजवळ सहाशे किमी गाडी हाणायची आणि तिकडे बघायचं काय तर खाणीचा एक खड्डा! ज्यांनी त्या भागात एखादा दिवस फिरून काढलाय त्यांनी मनापासून लिहा. सुरुवात मी करतो.

माझं ठाम मत आहे की तिकडे सोन्यापेक्षा पाणी बघायला जावं. ग्रेट ईस्टर्न हायवेने निघालं की एक जाडजूड पोलादी पाइप सोबतीला येतो, मध्येच गायब होतो, परत दिसतो, तो थेट कालगुर्लीपर्यंत. जून 1893 मध्ये पॅडी हॅनन, फ्लॅनगन आणि शे या तिघांना तिथे सोनं सापडलं, माणसांची रीघ लागली, आणि प्यायला पाणी नाही. खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते पाणी विकायचं, असे दिवस. मग सी. वाय. ओकॉनर या इंजिनियरने पर्थजवळच्या मुंडारिंगच्या धरणातलं पाणी आठ पंपिंग स्टेशनं लावून सुमारे 530 किमी लांब, तेही चढावर न्यायची योजना आखली. पेपरांतून आणि विधिमंडळात त्याच्यावर इतकी चिखलफेक झाली की मार्च 1902 मध्ये त्याने जीव दिला. 24 जानेवारी 1903 ला योजनेचं उद्घाटन झालं. ते बघायला तो नव्हता, आणि अख्खा भाग आजही त्याच योजनेचं पाणी पितोय. मला हे फार लागतं.

वाटेत कंडरडिनला तिसरं पंपिंग स्टेशन आहे, आता तिथे म्युझियम आहे, तिथे थांबाच. आणि कालगुर्लीत हॅनन स्ट्रीटवर हॅननचा 1929 चा पुतळा (मूळ टाउन हॉलमध्ये हलवलाय, रस्त्यावर प्रतिकृती आहे) नीट बघा, सोनं शोधणारा माणूस, पण त्याच्या हातात पखाल आहे आणि त्या पखालीतून येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून तो पुतळा घडवलाय.

चंद्रपूरवाला
पर्थकर काका, खड्ड्याबद्दल मी लिहितो, कारण मी वाढलो कोळशाच्या खाणींशेजारी आणि मायनिंग शिकायला आलो कालगुर्लीच्या स्कूल ऑफ माइन्सला (1902 ची संस्था आहे ही). हा खड्डा म्हणजे सुपर पिट, सोन्याची उघडी खाण, साधारण साडेतीन किमी लांब, दीड किमी रुंद आणि सहाशे मीटरहून खोल. डंपर एका खेपेला सव्वादोनशे टनांच्या आसपास माल उचलतात, आणि एका टन दगडात सोनं किती, तर दोन ग्रॅमच्या आतबाहेर! म्हणजे डोळ्यांना सोनं दिसतच नाही, बराचसा माल तर नुसता वेस्ट म्हणून ढिगावर जातो.

आमच्याकडे ओबी (वरची माती-दगड) काढली की खाली कोळशाचा थर सलग मिळतो, इथे तसं नाही. जिथे आज पिट आहे त्या गोल्डन माइल नावाच्या सोन्याच्या पट्ट्याखाली शंभर वर्षांच्या जुन्या खाणींचे हजारो किमीचे बोगदे आहेत. 1980 च्या दशकात अ‍ॅलन बाँड या उद्योगपतीने छोट्या छोट्या खाणी विकत घ्यायला सुरुवात केली, 1989 मध्ये सगळं एका कंपनीखाली आलं आणि मग वरून उघडी खाण झाली. त्यामुळे नवीन बेंच (खाणीची पायरी) उतरवायच्या आधी ड्रिल करून खाली पोकळी आहे का ते तपासावं लागतं, नाहीतर मशीन माणसासकट आत. लुकआउटवरून (खाण बघायच्या जागेवरून) बघताना भिंतीकडे निरखून बघा, मध्येच काळी चौकोनी भोकं दिसतात, ते जुने बोगदे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या एका भोकापाशी नजर खिळली, आत मेणबत्तीच्या उजेडात कोणीतरी हाताने दगड फोडलेला असणार. मे 2018 मध्ये पूर्वेकडची भिंत ढासळली होती. ब्लास्टिंग बघायचं असेल तर वेळ आणि लुकआउट चालू आहे का हे आधी विचारून घ्या.

मावळतीची
गाडी चालवायची नसेल तर काय? सासूबाईंना एवढा प्रवास झेपत नाही.

पर्थकर
ताई, ईस्ट पर्थहून प्रॉस्पेक्टर ट्रेन आहे, सात तासांच्या आसपास लागतात. सासूबाईंना खिडकीची जागा द्या. कालगुर्लीत मात्र फिरायला गाडी भाड्याने लागेलच.

मेलबर्नची_मीनल
आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. सगळे कालगुर्ली कालगुर्ली करतात पण आमचा दिवस खऱ्या अर्थाने गेला कूलगार्डीत, कालगुर्लीच्या अलीकडे चाळीसेक किमी. इथे 1892 मध्ये बेली आणि फोर्डला सोनं सापडलं, काही वर्षांत पर्थ-फ्रीमँटलखालोखाल मोठं गाव झालं आणि आज वस्ती हजारसुद्धा नाही. रस्ता मात्र तेवढाच अवाढव्य रुंद, कारण उंटांचा तांडा वळवायला जागा लागायची. हे उंटवाले कोण, तर सरसकट "अफगाण" म्हणायचे त्यांना, पण त्यात बलुचिस्तानचे, पंजाबचे, सिंधचे, पेशावरकडचे पुष्कळ लोक होते, कराचीहून जहाजात बसून आलेले. म्हणजे तेव्हाच्या आपल्याच देशातले की! रेल्वे 1896 मध्ये आली, त्याआधी पीठ, औजारं, पाणी, सगळं यांच्या उंटांवरून. आणि गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणाऱ्या 1901 च्या कायद्यानंतर नवीन येणं बंद, बायकापोरांना आणणंही मुश्किल.

टाघ महोमेत नावाचा मोठा उंटव्यापारी इथे 1896 च्या जानेवारीत मशिदीत नमाज पढताना मारला गेला. कब्रस्तानात उंटवाल्यांच्या कबरी वेगळ्या एका बाजूला आहेत, बाबा तिथे बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, घरी यांच्या मरणाचं कोणी कळवलं तरी असेल का. त्या दिवसातलं मला हेच सगळ्यात जास्त आठवतं.

आईला आवडलं ते कूलगार्डी सेफ, म्हणजे जाळीचं कपाट, बाजूंना गोणपाट, वरच्या ट्रेमधलं पाणी झिरपून गोणपाट ओलं राहतं आणि वाऱ्याने आतलं दूध-लोणी गार, आपल्या माठासारखंच सगळं. आई लगेच दार उघडून बघायला निघाली होती, तिथल्या बाईंनी हसून थांबवलं.

लाल_माती
उत्तरेकडे कोणीच लिहिलं नाही म्हणून मी. कालगुर्लीहून लिओनोरा साधारण 235 किमी, त्याच्याजवळ ग्वालिया हे ओस पडलेलं खाणगाव. 1898 मध्ये इथल्या खाणीचा मॅनेजर होता हर्बर्ट हूवर, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचं टेकाडावरचं घर अजून आहे. पण मला त्या घरापेक्षा खालच्या कामगारांच्या झोपड्या महत्त्वाच्या वाटल्या, पत्रे आणि गोणपाट, गोणपाटाला चुना फासलेला, बरेचसे इटालियन आणि युगोस्लाव्ह लोक राहायचे. डिसेंबर 1963 च्या शेवटी खाण बंद झाली आणि काही आठवड्यांत गाव रिकामं. एका झोपडीत चूल, वर टांगलेली किटली, भिंतीला मासिकातली चित्रं चिकटवलेली, खाटेची स्प्रिंग तशीच. मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा माझे आजोबा लालबागला होते, त्यामुळे मला तिथून पटकन निघवेना.

लेक बॅलार्डलाही जा, लिओनोराच्या वाटेवरच्या मेंझीस गावापासून 51 किमी कच्चा रस्ता, खाऱ्या पांढऱ्या तळ्यात अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराची 51 काळी शिल्पं, मेंझीसच्या रहिवाशांची शरीरं स्कॅन करून केलेली. मात्र ग्वालिया आणि हे एका दिवसात करू नका, दुपारनंतर घाई होते आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

बोल्डरकर
कालगुर्लीला लागूनच असलेल्या बोल्डरच्या टाउन हॉलमध्ये 1908 चा रंगवलेला नाट्यपडदा आहे, फिलिप गोचरने काढलेला, नेपल्सचा समुद्र. नाटकवेड्या मराठी माणसाने चुकवू नये. तो ठरावीक वेळीच उघडतात, आधी फोन करा.

चंद्रपूरवाला
एक राहिलं. पूर्वी बॉयलरला आणि बोगद्यांच्या टेकूंना लाकूड लागायचं म्हणून जंगलात खास रेल्वे टाकून झाडं तोडत नेली. तरी आज कूलगार्डीच्या आसपास सॅमन गमची (एक जातीचं निलगिरी) झाडं परत उभी आहेत, गुलाबी-तांबूस खोडांची. मे ते सप्टेंबर जा, माश्यांसाठी जाळीची टोपी घ्या, रोडट्रेनला (अनेक ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) ओव्हरटेक करायची घाई करू नका, माणशी भरपूर पाणी ठेवा. आणि मुंडारिंगचं पहिलं पंपिंग स्टेशन कोणी आतून बघितलं असेल तर त्यांनी लिहा, माझं अजून राहिलंय.