मदत हवी आहे: हॅलिफॅक्समध्ये एकच दिवस, आणि बाबांना १९१७ च्या स्फोटाच्या खुणा पाहायच्या आहेत

निशिगंध:

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही न्यूयॉर्कहून निघणाऱ्या एका क्रूझने कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर जाणार आहोत. नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स येथे आमचे जहाज सकाळी आठला धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी पाचच्या आत सर्वांनी जहाजावर परतलेले असले पाहिजे. उतरण्याचा आणि परतण्याचा वेळ वजा केला, तर हातात जेमतेम साडेसात तास उरतात. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि माझा दहा वर्षांचा मुलगा आहे. व्हिसाची कामे उरकलेली आहेत, त्यामुळे त्यावर सल्ला नको.

क्रूझ कंपनीच्या सहलींची यादी मी वाचली. त्यांतील बहुतेक सहली पेगीज कोव्हच्या दीपगृहाकडे जातात आणि उरलेल्या शहरातून बसने फिरवून आणतात. त्या चांगल्याच असतील. आमची गरज मात्र थोडी वेगळी आहे. बाबांची सगळी नोकरी मुंबई गोदीत, म्हणजे बीपीटीत (बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये), झाली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता, परंतु ते नोकरीला लागले त्या काळात तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे अजून कामावर होती. एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या भरल्याने काय अनर्थ झाला आणि सोन्याच्या विटा उडून कुठल्या कुठे जाऊन पडल्या, हे सारे त्यांनी त्या लोकांच्या तोंडून ऐकलेले आहे. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज १९४२ साली कॅनडातच, पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्टला बांधलेले होते, ही माहितीही त्यांचीच. त्यामुळे आपले जहाज हॅलिफॅक्सला थांबणार हे कळताच त्यांनी फर्मावले, की १९१७ साली ‘माँ-ब्लाँ’ जहाजाचा स्फोट जिथे झाला ती जागा मला दाखव, बाकी तुम्ही काय बघायचे ते बघा.

माझा प्रश्न असा, की त्या स्फोटाच्या खुणा आज शहरात नेमक्या कुठे पाहायला मिळतात आणि त्या एका दिवसात, आईच्या गुडघ्यांना न दमवता, कोणत्या क्रमाने पाहाव्यात? शहर चढउताराचे आहे असे वाचले आहे. भाड्याची मोटार घ्यावी की टॅक्सी पुरेशी होईल? आणि पेगीज कोव्ह सोडून दिले तर नंतर हळहळ वाटेल का? तेथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अटलांटिकवासी:

निशिगंध, मी शिक्षणासाठी हॅलिफॅक्सला गेलो आणि नोकरीमुळे तेथेच राहिलो, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गोष्ट बाबांना सांगून ठेवा. स्फोट झाला ती जागा, म्हणजे बंदराच्या उत्तरेकडील अरुंद खाडीतील सहा क्रमांकाचा धक्का, आज पाहता येत नाही. त्या भागात आता जहाजबांधणीचा कारखाना आहे आणि बाहेरच्यांना आत प्रवेश नाही. ती जागा पाहायची ती वरून, फोर्ट नीडहॅमच्या टेकडीवरून. तेथे १९८० च्या दशकात उभारलेला स्मारक-मनोरा आहे आणि दरवर्षी ६ डिसेंबरला सकाळी स्फोटाच्या वेळी तेथे लोक जमतात. मनोऱ्यातील घंटा बार्बरा ऑर यांनी आपल्या कुटुंबीयांच्या स्मरणार्थ परिसरातील चर्चला दिलेल्या होत्या. त्या सकाळी त्यांचे आई-वडील आणि पाचही भावंडे गेली, आणि चौदा वर्षांच्या बार्बरा स्फोटाच्या धक्क्याने याच टेकडीवर फेकल्या जाऊन वाचल्या. टेकडीवर उभे राहिले, की खाली खाडी किती चिंचोळी आहे ते दिसते आणि दोन जहाजे तिथे समोरासमोर का आली असतील, हे गोदीतल्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

मुंबईच्या आणि या स्फोटात एक मोठा फरक आहे, त्याकडे बाबांचे लक्ष जाईलच. ‘फोर्ट स्टिकीन’ गोदीत उभे होते. येथे ‘माँ-ब्लाँ’ हे दारूगोळ्याने भरलेले फ्रेंच जहाज बंदरात येत होते आणि नॉर्वेचे ‘इमो’ बाहेर पडत होते. ६ डिसेंबर १९१७ रोजी पावणेनऊच्या सुमारास त्यांची टक्कर झाली. डेकवर बेंझॉल या ज्वालाग्राही द्रवाची पिंपे होती, त्यांनी पेट घेतला, खलाशी होड्यांतून किनाऱ्याला पळाले आणि पेटलेले जहाज वाहत वाहत धक्क्याला जाऊन लागले. नऊ वाजून चार मिनिटांनी स्फोट होईपर्यंत सुमारे वीस मिनिटे मिळाली, आणि घात याच वीस मिनिटांनी केला: आग पाहायला लोक घराघरांच्या खिडक्यांशी येऊन उभे राहिले. सुमारे दोन हजार माणसे मेली, नऊ हजार जखमी झाली आणि फुटलेल्या काचांनी शेकडो लोकांचे डोळे गेले. दुसऱ्याच दिवशी हिमवादळ आले. बोस्टनहून मदतीची आगगाडी आली, त्याची आठवण म्हणून नोव्हा स्कोशिया १९७१ पासून दरवर्षी बोस्टनला नाताळचे झाड पाठवतो.

आता क्रमाबद्दल. जहाज बंदराच्या दक्षिण टोकाला लागते, त्यामुळे बहुतेक प्रवासी उतरून किनाऱ्याने चालत उत्तरेकडे जातात आणि थकल्यावर किल्ल्याचा चढ चढतात. आईंच्या गुडघ्यांसाठी हा क्रम अगदी उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी धक्क्यावरूनच टॅक्सी घ्या. मीटरप्रमाणे की तासाच्या दराने, हे बसण्यापूर्वी ठरवा. भाड्याच्या मोटारीत पैसे आणि पार्किंगची कटकट दोन्ही आहेत, तिची गरज नाही. आधी फोर्ट नीडहॅम. तेथून जवळच हायड्रोस्टोन नावाची वस्ती आहे, जी स्फोटात सपाट झालेल्या भागात काँक्रीटच्या ठोकळ्यांनी पुन्हा बांधली गेली. नगररचनाकार टॉमस ॲडम्स यांनी ती आखली. तेथील लहानशा बाजारात चहा-कॉफी घ्या आणि प्रसाधनगृहाची सोयही तेथेच उरकून घ्या.

त्यानंतर त्याच टॅक्सीने फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत जाता येईल. ‘टायटॅनिक’च्या मृतांपैकी १५० जणांना हॅलिफॅक्समध्ये पुरले आहे, त्यांतील १२१ येथे आहेत. काळसर ग्रॅनाइटच्या सारख्या आकाराच्या दगडांच्या वळलेल्या रांगा आहेत आणि कित्येक दगडांवर नावाऐवजी केवळ क्रमांक आहे. ‘जे. डॉसन’ असे कोरलेल्या दगडापुढे पर्यटकांची गर्दी असते, कारण ‘टायटॅनिक’ चित्रपटातला नायक जॅक डॉसन तोच, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात जोसेफ डॉसन हा भट्ट्यांना कोळसा पुरवणारा कामगार होता. वेळ कमी पडला तर मी ही दफनभूमी वगळेन, फोर्ट नीडहॅम नाही.

साडेअकराच्या सुमारास टॅक्सीने सिटाडेल किल्ल्याच्या माथ्यावर उतरा आणि गाडी सोडून द्या. चांदणीच्या आकाराचा हा किल्ला १८५६ साली पूर्ण झाला. या टेकडीवरचा हा चौथा किल्ला, आणि त्याच्यावर हल्ला एकदाही झाला नाही. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तो बुटका वाटेल, कारण तोफांच्या युगात तट उंच नेण्यापेक्षा जमिनीत दाबून बांधणे शहाणपणाचे होते. दुपारी बाराला तोफ उडते. नाताळचा दिवस सोडला तर हा शिरस्ता रोज पाळला जातो, आणि तुमच्या मुलाला बहुधा सगळ्या दिवसातले हेच आवडेल. लहान मुलाच्या कानांवर हात ठेवायला सांगा.

त्यानंतर सगळा उतार आहे. किल्ल्याच्या पूर्व उतारावर १८०३ पासून चालत आलेला घड्याळाचा मनोरा आहे. राणी व्हिक्टोरियाचे वडील राजपुत्र एडवर्ड यांनी शिबंदीला वेळेची शिस्त लागावी म्हणून तो बांधण्याची आज्ञा दिली होती. खाली ग्रँड परेड हा चौक लागतो. त्याच्या एका टोकाला नगरभवन आहे, त्याच्या मनोऱ्याच्या उत्तरेकडील घड्याळाचे काटे मुद्दाम नऊ वाजून चार मिनिटांवर थांबवून ठेवलेले आहेत. लोक चौकातून पुढे जातात, त्यामुळे ती बाजू नजरेतून सुटते; वळसा घालून पाहा. दुसऱ्या टोकाला १७५० सालचे सेंट पॉल्स चर्च, शहरातली सर्वांत जुनी इमारत. ते उघडे असेल तर आत शिरताच प्रवेशदालनाच्या भिंतीत, दाराच्या वर पाहा: स्फोटाने उडून आलेला खिडकीच्या चौकटीचा तुकडा प्लास्टरमध्ये घुसला, तो तसाच राहू दिलेला आहे. ‘खुणा कुठे’ या बाबांच्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मला तरी हेच वाटते.

तेथून आणखी थोडे खाली अटलांटिक सागरी संग्रहालय आहे. त्याला दीड तास तरी द्या. स्फोटाचे स्वतंत्र दालन आहे आणि त्यात व्हिन्स कोलमनच्या वस्तू आहेत. कोलमन हा रेल्वेचा तारबाबू होता. पळून जाण्याची संधी असताना तो मागे फिरला आणि येणारी प्रवासी गाडी थांबवा, जहाज फुटणार आहे, अशी तार देत राहिला. टायटॅनिकच्या दालनात तपकिरी चामड्याच्या लहान बुटांचा एक जोड आहे. तो टायटॅनिकवर दगावलेल्या एका लहान मुलाचा, आणि त्या मुलाची ओळख कित्येक दशके पटलेली नव्हती. २००७ साली डीएनए चाचणीवरून तो एकोणीस महिन्यांचा सिडनी गुडविन असल्याचे निश्चित झाले. संग्रहालयाबाहेर धक्क्याला ‘अकेडिया’ हे १९१३ सालचे सर्वेक्षण-जहाज उभे असते. स्फोटाच्या दिवशी ते याच बंदरात होते आणि अजून तरंगते आहे, तेव्हा बाबा तेथून लवकर हलतील असे समजू नका.

घाटमाथा:

वरील नियोजन उत्तम आहे, तरीही मी थोडा विरोध नोंदवतो. आपण सर्व जण बाबांच्या आवडीचा विचार करत आहोत. आईंनी आणि मुलाने सबंध दिवस स्फोट, थडगी आणि बुडालेली जहाजे पाहायची का? पेगीज कोव्ह शहरापासून सुमारे ४३ किलोमीटरवर आहे आणि जाऊन-येऊन अर्ध्या दिवसात होते. १९१५ सालचे दीपगृह, त्याखाली पसरलेला ग्रॅनाइटचा कातळ आणि त्यावर फुटणारा अटलांटिक, हे दृश्य शहरात कुठेही नाही. चालायला त्रास असलेल्यांसाठी तेथे आता दर्शनमंचही बांधला आहे. एकच सांगतो, पाण्याने काळ्या पडलेल्या कातळावर मुलाला जाऊ देऊ नका. अचानक येणाऱ्या लाटेने तेथे माणसे ओढली गेली आहेत.

अटलांटिकवासी:

घाटमाथा यांचे म्हणणे मान्य, पेगीज कोव्ह सुंदरच आहे. परंतु क्रूझच्या दिवशी तेथे एकापाठोपाठ एक बस येत असतात आणि अर्धा दिवस गेला की तोफ, संग्रहालय आणि फोर्ट नीडहॅम यांपैकी दोन तरी हातचे जातात. मुलाची आणि आईंची काळजी रास्त आहे; तिच्यावरचा उपाय मात्र शहरातच निघू शकेल.

निशिगंध:

दोघांचेही मनापासून आभार. घरी वाचून दाखवले. बाबांना चर्चमधल्या चौकटीचे ऐकूनच समाधान वाटले आणि आईने पेगीज कोव्हला स्वतःच नकार दिला, कारण तिला बसमध्ये मळमळते. तिची मागणी एवढीच, की कुठे तरी शांत बसता यावे आणि शाकाहारी जेवण मिळावे. बाबा मालवणचे असल्यामुळे त्यांना मासे हवेत. संग्रहालयानंतर साधारण अडीच वाजतील. मग पाण्याच्या कडेने चालावे, की मुलासाठी एखादी बोट घ्यावी?

अटलांटिकवासी:

बोट जरूर घ्या, पण पर्यटकांची नको. संग्रहालयाजवळच डार्टमथला जाणाऱ्या फेरीचा धक्का आहे. ही फेरी १७५२ पासून चालू आहे, तिकीट शहर बसचेच आहे आणि पलीकडे जायला पाव तासही लागत नाही. मुलाला बोटीच्या वरच्या मजल्यावर न्या; आईंना आत बसायला बाके आहेत. पाण्यातून मागे पाहिले, की किल्ला, घड्याळ आणि धक्के एका नजरेत येतात आणि उत्तरेला पुलाच्या पलीकडे ती चिंचोळी खाडीही दिसते.

जेवण फेरीआधी उरकलेले बरे. हॅडॉक माशाचे फिश अँड चिप्स आणि सीफूड चाउडर (माशांचे दाट सूप) पाण्याच्या कडेला सगळीकडे मिळते. मालवणी माणसाला चाउडर मिळमिळीत लागेल, हे गृहीत धरून बाबांसाठी हॅडॉकच मागवा. शहराचा अधिकृत खाद्यपदार्थ डोनेर हा मांसाहारी आणि गोडसर सॉसचा आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. भारतीय विद्यार्थी पुष्कळ असल्यामुळे डाउनटाउनमध्ये भारतीय उपाहारगृहे आहेत, आईंची सोय तेथे होईल. शांत बसण्यासाठी व्हिक्टोरियन वळणाची सार्वजनिक बाग छान आहे, पण ती किल्ल्याच्या पलीकडे पडते. उतरल्यावर पुन्हा चढ नको असेल तर लाकडी बोर्डवॉकवर जागोजागी बाके आहेत, तीच बरी.

फेरीतून परतल्यावर बोर्डवॉकने दक्षिणेकडे सपाट चालत आलात, की आपोआप जहाजापाशी पोहोचता. वाटेत पिअर २१ चे संग्रहालय आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख स्थलांतरित याच धक्क्यावर कॅनडात उतरले. अर्धा तास उरला तरच आत जा, कारण घाईत पाहण्यासारखे ते नाही. त्याऐवजी रेल्वे स्थानकासमोरच्या उद्यानात डोकावता येईल. हॅलिफॅक्स वसवणारे एडवर्ड कॉर्नवॉलिस यांचा पुतळा तेथे होता. आपण शाळेत कायमधारा पद्धतीच्या धड्यात ज्यांना भेटलो त्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचे हे काका. १७४९ साली त्यांनी येथील मूळच्या मिकमॉ लोकांच्या शिरांवर इनाम लावले होते, त्यावरून बरीच वर्षे वाद चालला; २०१८ साली पुतळा हटवला आणि पुढे उद्यानाचे नावही बदलले.

शेवटची व्यावहारिक सूचना: हॅलिफॅक्सचे घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे आहे. काही जहाजे प्रवासभर आपली वेळ बदलत नाहीत, तेव्हा तुमचे ‘पाच’ हे जहाजाचे की शहराचे, ते आदल्या रात्री स्वागतकक्षात विचारून घ्या. मोबाइल धक्क्यावर उतरताच स्थानिक वेळ दाखवू लागेल, म्हणून बाबांचे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. तोफेसाठी मात्र शहराचे बारा धरा.