'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई' बिद्दूंकडे कसे गेले?

श्रीरंग :
नमस्कार. 'कुर्बानी' (१९८०) या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे आहे. मात्र त्यातले सर्वांत गाजलेले 'आप जैसा कोई' हे एकच गाणे बिद्दू यांनी स्वरबद्ध केलेले आहे. एवढी नावाजलेली जोडी हाताशी असताना निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांनी हे गाणे बाहेर का दिले असावे? खान आणि ही जोडी यांच्यात बेबनाव झाल्याचे काही रसिकांकडून ऐकले आहे. दुसरा प्रश्न हे गाणे गाणाऱ्या नाझिया हसन हिच्याविषयी आहे. पार्श्वगायनाचा कोणताही अनुभव नसलेल्या १५ वर्षांच्या मुलीला या एका गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, त्या वर्षी आपल्याकडच्या थोर गायिका स्पर्धेत नव्हत्या का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनी तबकडी :
श्रीरंग, बेबनावाच्या कथेत मला तथ्य वाटत नाही. फिरोज खान यांच्या 'अपराध' (१९७२) आणि 'धर्मात्मा' (१९७५) या चित्रपटांना कल्याणजी-आनंदजींचेच संगीत होते, 'कुर्बानी'ची बाकीची गाणीही त्यांनीच केली आणि पुढे 'जांबाज'साठी (१९८६) खान पुन्हा त्यांच्याकडेच गेले. ज्यांचे बिनसले आहे, त्यांचा व्यवहार असा वर्षानुवर्षे चालत नाही.

खरे कारण खान यांना हव्या असलेल्या आवाजात आहे, आणि 'आवाज' म्हणताना मला केवळ गायिकेचा गळा अभिप्रेत नाही, तर संपूर्ण ध्वनिमुद्रणाचा पोत अभिप्रेत आहे. लंडनमधल्या एका मेजवानीत त्यांची नाझियाशी गाठ पडली. ती मूळची कराचीची, पण तिचे बालपण कराची आणि लंडन अशा दोन्ही शहरांत गेलेले. तिचा आवाज त्यांना आवडला आणि त्यांनी तिला बिद्दूंकडे पाठवले. खान आणि बिद्दू दोघेही जन्माने बंगळूरचे. बिद्दू १९६० च्या दशकातच इंग्लंडला जाऊन स्थायिक झाले होते आणि कार्ल डग्लस यांनी गायलेल्या 'कुंग फू फायटिंग' या त्यांच्या निर्मितीने १९७४ साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिला क्रमांक पटकावला होता. (ते गाणे खरे तर तबकडीच्या मागच्या बाजूसाठी घाईघाईने उरकलेले होते.) अशा माणसाला हिंदी चित्रपटातल्या एका गाण्याचे अप्रूप असण्याचे कारण नव्हते. त्यांची सुरुवातीला फारशी तयारीही नव्हती. भारतात असलेल्या आईला बरे वाटेल, म्हणून त्यांनी होकार दिला.

या गाण्याचे वेगळेपण चालीपेक्षाही ते तयार करण्याच्या रीतीत आहे, असे माझे मत आहे. त्या काळी मुंबईत गाण्याचे ध्वनिमुद्रण म्हणजे बहुतेक वेळा गायक, ताल विभाग आणि व्हायोलिनचा ताफा यांनी स्टुडिओत एकाच वेळी केलेले सादरीकरण असे, आणि एखाद्या वादकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. बिद्दूंनी हे गाणे लंडनमध्ये २४ ट्रॅकच्या यंत्रणेवर मुद्रित केले. या पद्धतीत ड्रम, बास गिटार आणि बाकीची वाद्ये निरनिराळ्या ट्रॅकवर साठवता येतात, आणि गायिकेला एकच ओळ पुन्हा गायला लावून दोन्ही आवाज एकमेकांवर बसवता येतात. नाझियाचा आवाज काहीसा अनुनासिक आणि कोवळा होता, त्यावर शास्त्रीय तालमीचे संस्कार नव्हते. दुहेरी मुद्रणामुळे त्याला रुंदी आली आणि कोवळेपणाही तसाच राहिला. हेडफोन लावून 'तो बात बन जाए' ही ओळ लक्षपूर्वक ऐकावी. शब्दांच्या शेवटी दोन्ही आवाज किंचित मागेपुढे होतात आणि त्या फटीतूनच गाण्याची ती ओळखीची झळाळी येते. तान नाही, हरकत नाही, मुरकी नाही, आणि त्यांची उणीवही कोठे भासत नाही.

शब्द मात्र मुंबईचेच, म्हणजे इंदीवर यांचे. कल्याणजी-आनंदजींबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या या कवीने लंडनच्या तालावर इतके सोपे, बोलण्यातले शब्द बसवले, ही कामगिरी मला फार मोलाची वाटते आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो.

मुक्ता :
पुरस्काराच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण त्यामागचा क्रम आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नव्या गायिकांना वाव मिळावा, म्हणून लता मंगेशकर यांनी १९७० नंतर फिल्मफेअरच्या स्पर्धेतून स्वतःहून माघार घेतली होती. आशा भोसले यांनीही १९७९ साली 'डॉन'मधल्या गाण्यासाठी पुरस्कार मिळाल्यावर आपले नाव यापुढे विचारात घेऊ नये, असे कळवले. पुढची यादी पाहा : १९८० साली वाणी जयराम, १९८१ साली नाझिया हसन, १९८२ साली परवीन सुलताना, १९८३ साली सलमा आगा, १९८४ साली आरती मुखर्जी आणि १९८५ साली आपल्या अनुपमा देशपांडे. सहा वर्षांत सहा वेगवेगळ्या गायिका, आणि त्यांत एकीकडे पतियाळा घराण्याची तालीम घेतलेल्या परवीनबाई, तर दुसरीकडे डिस्को गाणारी शाळकरी मुलगी! दोघी मंगेशकर भगिनी बाजूला झाल्या नसत्या, तर हे वैविध्य दिसले असते का, याची मला शंका आहे. मात्र यामुळे नाझियाचे श्रेय कमी होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. ते गाणे त्या वर्षी गल्लोगल्ली वाजत होते.

श्रीरंग :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. याच चित्रपटातले 'लैला ओ लैला' हेही डिस्को वळणाचेच गाणे आहे आणि ते तर कल्याणजी-आनंदजींचे आहे. मग तोच बाज त्यांनाही साधला होता, असे म्हणता येणार नाही का?

जुनी तबकडी :
साधला होता, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने साधला होता. 'लैला' कांचन आणि अमित कुमार यांनी गायले आहे. कांचन म्हणजे कल्याणजी-आनंदजींचे धाकटे बंधू आणि नामवंत तालवादक बाबला यांच्या पत्नी, त्यामुळे ताल ही त्या घरची मिरासदारी होती. 'लैला' हे पडद्यावरच्या प्रसंगासाठी रचलेले, नाट्य असलेले, वळणावळणाने चढत जाणारे गाणे आहे. 'आप जैसा कोई'मध्ये प्रसंग जवळजवळ नाहीच. लाल पोशाखातल्या झीनत अमान क्लबमध्ये गातात, एवढेच. चित्रपट न पाहिलेल्या श्रोत्यालाही ते पूर्ण वाटते, कारण पॉपच्या स्वतंत्र तबकडीची घडण त्याला लाभलेली आहे. म्हणूनच बिद्दूंना पुढच्याच वर्षी नाझिया आणि तिचा भाऊ जोहेब यांना घेऊन 'डिस्को दिवाने' (१९८१) हा चित्रपटाचा आधार नसलेला अल्बम काढता आला आणि तो भारतात आणि पाकिस्तानातही तुफान खपला. उलट, १९८२ साली त्यांची गाणी 'स्टार' या चित्रपटात घातली गेली, तेव्हा चित्रपट पडला आणि 'बूम बूम' हा त्याच गाण्यांचा अल्बम मात्र चालला. बिद्दूंनी १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्याबरोबर 'मेड इन इंडिया' केले, तेही याच वाटेवरचे. नाझिया ते यश पाहू शकली, पण तिचे स्वतःचे गाणे तोवर थांबले होते. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा ती अवघी ३५ वर्षांची होती.