दाई वेगळी, मिडवाइफ वेगळी
घरी बाळंतपण म्हणजे आजीच्या काळातली दाई, असं बरेच जण म्हणतात, ते काही पटत नाही. केंद्र सरकारनेच 2018 मध्ये मिडवाइफरीच्या, म्हणजे खास शिकलेल्या नर्सने बाळंतपण करण्याच्या, गाइडलाइन्स काढल्या, त्यात नर्सिंग केलेल्यांना वर 18 महिन्यांचं ट्रेनिंग आहे, अर्थात ते सरकारी हॉस्पिटलांसाठी, घरच्यासाठी नाही, खरी गोची तिथेच आहे.

माझ्या बहिणीची डिलिव्हरी बोरिवलीत घरीच झाली. मिडवाइफने आधी येऊन काय बघितलं, तर लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का! आणि बीपी वाढलं तर मी घरी करणार नाही, सरळ हॉस्पिटल, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. बॅकअपला डॉक्टर मिळवताना मात्र दोघीतिघींनी तोंडावर नाही म्हटलं. आणि हो, घरी जन्म झाला की नोंद घरच्यांनीच करायची, 21 दिवसांत, वॉर्ड ऑफिसात.