लीडरशिपचं मास्टर्स: मार्कांचा तक्ता बघून ठरवावं का?

पायवाट:
ऑर्गनायझेशनल लीडरशिपच्या दोन वर्षांच्या मास्टर्सची ऑफर आलीय. रँकिंग, माहितीपत्रक सगळं वाचलं, काहीच कळेना, म्हणून सरळ एका विषयाचा सिलॅबस मागवला. विषय वाटाघाटींचा. वाचायची यादी झकास, पण मार्क बघा: लेखी परीक्षा ६०, निबंध ३० आणि प्रत्यक्ष वाटाघाटी करून दाखवायच्या त्याला १०! माझं ठाम मत झालंय की नेतृत्व शिकवता येतं पण करायला लावलं तरच, आणि कोर्स कशाला किंमत देतो ते मार्कांतच दिसतं. नाही म्हणावं असं वाटतंय.

कामकरी:
अहो लीडरशिप वर्गात येतच नाही. ७०-२०-१० ऐकलं असेल, सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकन संस्थेच्या लोकांनी १९८० च्या दशकात मॅनेजर मंडळींकडून माहिती घेतली त्यातून आलेलं, ७० टक्के शिकणं अंगावर पडलेल्या अवघड कामातून, २० माणसांकडून आणि कोर्समधून जेमतेम १०. मग त्या १० साठी दोन वर्षं आणि फी कशाला घालवायची? हातातली टीम सोडू नका.

जुनंपान:
अजिबात सहमत नाही. ते आकडे यशस्वी लोकांनी स्वतः आठवून सांगितलेल्या गोष्टींवरचे, कुणी मोजून काढलेले नाहीत. माझंच सांगते, नोकरीत आठ वर्षं मला तोंडावर कुणी काही बोललं नाही, का बोलतील, मी बॉस होते. कोर्समध्ये ३६० डिग्री फीडबॅक झाला, म्हणजे वरचे, बरोबरीचे, हाताखालचे सगळे तुमच्याबद्दल लिहितात, जुन्या टीमने नाव न देता लिहिलं, "त्या आमचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत". फार लागलं ते. मग कोचबरोबर महिन्यातून एकदा ग्रुप मीटिंगचं रेकॉर्डिंग लावून बसायचो आणि मी किती वेळा मधे बोलले ते मोजायचो, पहिल्यांदा वीस मिनिटांत अकरा वेळा. ऑफिसात हे कोण करतं?

कामकरी:
३६० तर कंपन्याही करतात. फार तर पार्टटाइम करा, आज शिकलेलं उद्या टीमवर वापरता येतं. फुलटाइमला माझा विरोधच.

जुनंपान:
पार्टटाइमचं पटलं. पण कंपनीतला फीडबॅक प्रमोशनशी जोडला गेला की लोक हात राखून लिहितात, हा फरक लहान नाही.
पायवाट, एका विषयाच्या तक्त्यावरून नाही म्हणू नका हो. डोनाल्ड किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामावर परिणाम झाला का. माहितीपत्रकं बहुतेक पहिल्या पायरीवरच थांबतात. दोनतीन वर्षांपूर्वी पास झालेले दोघंतिघं स्वतः शोधून काढा, कॉलेजने निवडून दिलेले नकोत, आणि कोर्स कसा होता असं विचारू नका, आता काय वेगळं करता ते विचारा.

पायवाट:
हे मला सुचलंच नव्हतं, शोधते. बाकीच्या विषयांचे सिलॅबसही मागवते, कोच किती तास मिळतो तेही विचारते. पण ते १० मार्क खटकतायत ते खटकतायतच, प्रोफेसरांना आजच ईमेल टाकतेय.