मदत हवी आहे: सोलापुरातल्या जुन्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी आणि फोटो

जय ख्रिस्त मंडळी. आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. घरातल्या तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनच्या आपल्या सोलापूरच्या चर्चमध्ये झाला. आत्या अजून सांगते, बाळाला पाळकसाहेबांच्या हाती द्यायचा मान थोरल्या काकूचा. डोक्यावर पाणी पडलं की बाळ टाहो फोडायचं, आणि मागच्या बाकांवरच्या बायका कौतुकाने हसायच्या. मग घरी शेंगाची पोळी, आणि चाळीतले हिंदू-मुसलमान शेजारीही पंगतीला. जेवताना कोण कुणाचं कोण लागतं, ते आपोआप कळायचं. ते आता सांगणारं माणूस आत्याशिवाय उरलं नाही, म्हणून घाई आहे.

१९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्याआधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चर्चमध्येच आहेत की डायोसिसच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) कार्यालयात? पाहायला अर्ज कुणाकडे करायचा? मला मुख्यतः वडिलांच्या नोंदीतली साक्षीदारांची नावं हवी आहेत. नगरकडे लग्न करून गेलेल्या आजीच्या बहिणींचा धागा तिथूनच लागेल, असं वाटतं. कुणाच्या घरी पन्नास-साठच्या दशकातले बाप्तिस्म्याचे फोटो असतील तर कृपया मागची बाजूही पाठवा, नावं बहुतेक तिथेच लिहिलेली असतात.