रोजच्या बाईकप्रवासाला आधी जॅकेट की आधी बूट-हातमोजे? (पंधरा हजारांचं गणित)

चौथा_गिअर (धागाकर्ता)

प्रश्न नेहमीचाच आहे: "कात्रज ते हिंजवडी रोज जा-ये, दीडशे सीसीची गाडी, पंधरा हजार खर्चायची तयारी, कुठलं जॅकेट घेऊ?" उत्तर देणारे लगेच जॅकेटांची नावं सांगायला लागतात. मुळात पहिल्या पंधरा हजारांत रायडिंग जॅकेट (कोपर-खांद्याला पॅड असलेलं) घ्यावं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते घेऊ नये. आधी फुल-फेस हेल्मेट, मग हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, मग गुडघे. जॅकेट पुढच्या बोनसला.

शहरातलं पडणं बहुधा कमी वेगातलं असतं. पुढचं चाक खडीवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर सटकतं, रिक्षा अचानक वळते, कुणी दार उघडतं. अशा वेळी माणूस आपसूक तळहात पुढे टेकतो. तळहाताच्या टाचेवर सगळा भार येतो, हातमोजा नसेल तर कातडी जागच्या जागी अडकते आणि झटका मनगटातल्या स्केफॉइड नावाच्या छोट्या हाडात जातो. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला महिने लागतात. मोज्याच्या तळव्यावर कडक प्लास्टिकचा स्लायडर असला की हात अडकण्याऐवजी घसरतो. दुसरं, दीडशे किलोची गाडी आडवी होते ती पायावरच. फूटरेस्ट आणि रस्ता यांच्यात घोटा सापडतो. कापडी स्पोर्ट शूज तिथे काहीच करत नाहीत, सँडल-चपलांबद्दल तर बोलायलाच नको.

हिशोब: हेल्मेट ५,०००, हातमोजे २,०००, बूट ४,५००, कपड्यांवरून बांधायचे नी-गार्ड २,०००. उरलेल्या दीड हजारात रेनकोट. झाले पंधरा.

लेन_कापू_नका

असहमत. तुमच्या यादीत मानेपासून मनगटापर्यंत माणूस उघडाच राहिला की!

कमी वेग म्हणजे कमी मार, हे गृहीतकच कच्चं आहे. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांचा 'हर्ट अहवाल' आला. त्यात अपघाताआधीचा मध्यक वेग ताशी २९.८ मैल आणि प्रत्यक्ष धडकेचा २१.५ मैल निघाला, म्हणजे ४८ आणि ३५ किलोमीटर. हा आपला कर्वे रस्त्यावरचा रविवार सकाळचा वेग झाला. एवढ्या वेगात सुती शर्ट डांबरावर क्षणात फाटतो. कोपर आणि खांदा सोलून निघतो आणि खडी मांसात रुतते. ती जखम धुणं काय असतं ते ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला विचारा.

युरोपच्या ईएन १७०९२ मानकात कपड्यांचे वर्ग आहेत. सगळ्यात हलक्या ए वर्गात खांदा-कोपर-गुडघ्याच्या कापडाची घासचाचणी ताशी ४५ किलोमीटरच्या हिशोबाने होते, एए वर्गात ७० च्या आणि एएए वर्गात १२० च्या. ते यंत्रावरचे आकडे आहेत, रस्त्यावरची हमी नव्हे, हे मान्य. पण ए वर्गाचं जाळीदार जॅकेट नेमकं शहरी वेगासाठीच आहे आणि सात-आठ हजारांत मिळतं. हेल्मेटला पाच हजार कशाला? दोन-अडीच हजारात आयएसआय फुल-फेस येतं. मोजे दीड हजार. उरलेल्यात साधे कातडी अँकल बूट.

चौथा_गिअर

@लेन_कापू_नका, सात-आठ हजारांच्या त्या जॅकेटचं लेबल नीट वाचा. बऱ्याच जॅकेटांवर 'सीई आर्मर' (सीई ही युरोपची प्रमाणखूण, आर्मर म्हणजे मार झेलणारी पॅड) लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त आतल्या पॅडना प्रमाणपत्र. जॅकेटच्या कापडाला ए, एए यातलं काहीच नसतं. पाठीच्या खिशात तर नुसता फोमचा तुकडा. आतल्या शिवणीवर वर्ग छापलेला नसेल तर तुम्ही सात हजारांत पॅड ठेवायच्या पिशव्या विकत घेताय.

गॅरेजवाली

दोघांनाही थोडं गार पाणी. २०११ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातल्या अपघातग्रस्त २१२ चालकांच्या कपड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आर्मरवाल्या कपड्यांनी जखमा कमी होतात हे त्यात दिसलं, म्हणजे लेन_कापू_नका यांचा मुद्दा खरा. पण हाडं मोडण्याच्या धोक्यात आर्मरमुळे फरक दिसला नाही. शिवाय खास मोटारसायकलसाठी म्हणून विकलेली जवळजवळ ३० टक्के जॅकेटं आणि २५ टक्क्यांहून जास्त हातमोजे फाटून निकामी झाले. आणि चौथा_गिअर यांना आवडेल असं: मोटारसायकलचे नसलेले साधे बूटसुद्धा शूजपेक्षा बरे ठरले.

थोडक्यात, वस्तू कुठली यापेक्षा ती कशी शिवलीय आणि अंगावर कशी बसते हे आधी बघा. दुकानात करायच्या गोष्टी:

जॅकेट घालून गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा. कोपराचं पॅड दोन बोटांनी धरून फिरवा. ते कोपरावरून सरकून बाजूला गेलं तर पडल्यावरही तसंच जाणार. दंडावरचा पट्टा आवळूनही सरकत असेल तर एक साइज खाली. जाळी छाती-पाठीवर हवी, कोपर-खांद्यावर नको. तिथे कॉर्ड्युरासारखं जाड नायलॉन कापड किंवा कातडं पाहिजे. बाही उलटी करून आतली शिवण बघा. एकेरी टीप असेल तर परत ठेवा, कारण घासताना कापडाआधी शिवण उसवते.

पॅडवर चालकाचं छोटं चित्र आणि शेजारी १ किंवा २ आकडा असतो. कोपर-खांदा-गुडघ्याच्या पॅडना ईएन १६२१-१ मानक. पलीकडे पोचणारा मार सरासरी ३५ किलोन्यूटनच्या (किलोन्यूटन हे बलाचं माप) आत राहिला तर लेव्हल १, २० च्या आत राहिला तर लेव्हल २. पाठीसाठी वेगळं, ईएन १६२१-२: लेव्हल १ ला १८, लेव्हल २ ला ९. दीड-दोन हजार खर्चून पाठीचा फोम काढून लेव्हल २ घालणं, हा जॅकेटवरचा सगळ्यात वसूल खर्च.

मोज्यात मनगटाचा पट्टा बघा. तो आवळून दुसऱ्या हाताने बोटांकडून मोजा ओढा. निघाला, तर रस्त्यावरही निघेल.

वैदर्भी_ऊन

पुणे-मुंबईकरांनी जाळीचं एवढं कौतुक करू नये. नागपूर-चंद्रपूरला एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४५ ला जातो. हवा अंगापेक्षा गरम असेल तर जाळीतून येणारा वारा थंड करत नाही, भाजतो. घाम कातडीवर टिकायच्या आत उडतो आणि अर्ध्या तासात डोकं गरगरतं. तिकडे चेन लावलेलं, थोड्याच झडपांचं, फिक्या रंगाचं जॅकेट आणि आत ओला केलेला सुती बनियन जास्त चालतो. मुंबईत उलट, दमट हवेत घाम वाळतच नाही, तिथे जाळीच हवी. आणि सिग्नलला उभं राहिलं की दोन्हीकडे सारखेच हाल.

म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. जे वर्षातले चार महिने खुंटीला टांगून राहणार, त्यात निम्मे पैसे घालू नयेत.

लेन_कापू_नका

@वैदर्भी_ऊन, मग आठ महिने तर वापरा! उन्हाळ्यात आर्मर-शर्ट घ्या. ताणणाऱ्या जाळीच्या बनियनमध्ये पॅड असतात, वर ऑफिसचा सैलसर शर्ट. घासण्यापासून फारसा बचाव नाही, पण ठोक्यापासून आहे आणि पॅड अंगाला चिकटून जागेवर राहतात. चार-पाच हजारात होतं.

सौ_सीसी_ताई

सगळी चर्चा गिअरच्या गाडीवरच्या दादा लोकांची चाललीय. रोजच्या गर्दीत निम्म्या गाड्या स्कूटर आहेत, आणि हेल्मेटच नीट बसत नसेल तर बाकी चर्चा फुकट.

पुण्यात तोंडाला ओढणी-स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट ही पद्धतच झालीय. स्कार्फचे तीन-चार पदर आत गेले की हेल्मेट घट्ट वाटतं, म्हणून एक साइज मोठं घेतलं जातं. मग स्कार्फ न बांधलेल्या दिवशी तेच डोक्यावर डुगडुगतं. पातळ बालाक्लावा (डोकं-मान झाकणारी कापडी टोपी) घाला, शंभर-दीडशेत मिळते आणि साइज बिघडत नाही. केसांना मागे क्लच लावला असेल तर तो काढाच. हेल्मेट पुढे ढकललं जातं, आणि मार बसला तर कवटी आणि कवच यांच्यामध्ये ती कडक वस्तू. मानेपाशी सैल वेणी घाला.

साइजसाठी टेप भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून, मागच्या उंचवट्यावरून फिरवून घेर मोजा. पण आकड्यावर थांबू नका. हेल्मेट घालून दुकानात पंधरा-वीस मिनिटं तसंच फिरा. काढल्यावर कपाळावर लाल ठिपका आणि दोन्ही बाजूंना पोकळी, तर तुमचं डोकं लांबट आहे आणि हेल्मेट गोल. मोठी साइज घेऊन हे सुटत नाही, मॉडेलच बदलायला लागतं. गालाचे पॅड नवीन असताना बोलताना गाल चावला जाईल इतके घट्ट हवेत, दोन-तीन आठवड्यांत बसतात. शेवटी पट्टा लावून मागची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. निघालं तर नको. आणि हनुवटीखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा ठेवून, 'पोलीस दिसला की लावू' म्हणून लोंबकळत ठेवलेला पट्टा काहीही धरून ठेवत नाही.

स्कूटरवर गुडघ्यापुढे टाकी नसते, थेट एप्रन (पायापुढचा उभा भाग). नी-गार्डचा खालचा पट्टा पोटरीच्या फुगवट्याच्या वर बांधला नाही तर सिग्नलला पाय टेकता टेकता ते खाली घसरतं. सलवार किंवा लेगिंगवर तर हमखास.

आयएसआय_शोधक

हेल्मेटला अडीच हजार की पाच, यावर. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकी हेल्मेट विकायलाच बंदी आहे. मानक आयएस ४१५१. अडीच हजारांचं खरं आयएसआय फुल-फेस रोजच्यासाठी पुरेसं आहे. प्रश्न खरं-खोट्याचा. फुटपाथवर तीनशे रुपयांना मिळतं त्यावरही तोच शिक्का असतो. खुणेखालचा सीएम/एल क्रमांक (कंपनीचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते लगेच कळतं.

पुढचे पैसे घालायचे तर ईसीई २२.०६ (युरोपातलं हेल्मेट मानक) साठी घाला, कारण त्यात तिरक्या आघाताची चाचणी आहे. डोकं सरळ आपटत नाही, बहुधा घासून फिरतं. उघडबंद हनुवटीचं मॉड्युलर घेणार असाल तर लेबलावर पी/जे बघा, म्हणजे हनुवटी बंद आणि उघडी, दोन्ही तऱ्हांनी मान्य. एनपी लिहिलं असेल तर पुढचा भाग संरक्षणात धरलेला नाही.

आणि हेल्मेट आरशावर टांगणं बंद करा, राव. आरशाची दांडी आतल्या थर्माकोलमध्ये खळगा पाडते. तो थर एकदाच दबतो आणि परत फुगत नाही, वरून रंग शाबूत असला तरी. पेट्रोल-थिनरने कवच पुसू नका, कवचाचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) आतून तडकतं.

चौथा_गिअर

@आयएसआय_शोधक, खऱ्या आयएसआयबद्दल मान्य, पण पाचपैकी एक हजार मी काचेचे धरलेत. ओरखडे पडलेल्या काचेवर रात्री समोरच्या एलईडी दिव्याचा चांदण्यासारखा फुलोरा होतो आणि खड्डा दिसतच नाही. काच कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडा पडलाच. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून चिखल भिजू द्यायचा, मग अलगद ओढायचा. काळी काच संध्याकाळच्या शिफ्टला चालत नाही, म्हणून पारदर्शक काच आणि पिनलॉक (काचेच्या आतून बसवायची, वाफ न धरणारी दुसरी पातळ काच). पावसात श्वासाने काच धुरकटते, तिथे पिनलॉकला तोड नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे आतून भांड्यांच्या लिक्विड साबणाचा पातळ थर लावून पुसून घेणं, पण तो एक-दोन दिवसच टिकतो.

गॅरेजवाली

पावसावरून आठवलं. जॅकेटच्या आत लावायचं 'रेन लायनर' मिळतं, त्यावर भरवसा ठेवून जॅकेट घेऊ नका. आतले कपडे कोरडे राहतात, पण बाहेरचं कापड पाणी पितं, किलो-दीड किलोने जड होतं आणि ऑफिसात खुर्चीवर दिवसभर ठिबकतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ते दुसऱ्या दिवशीपर्यंतही वाळत नाही. रेनकोट जॅकेटवरून घालायचा, म्हणून दोन साइज मोठा. पॅन्टची शिवण बैठकीच्या जागी आतून टेप केलेली आहे का ते बघा, गळती तिथूनच सुरू होते. पॅन्ट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली की बुटाचं डबकं.

लेन_कापू_नका

लायनरचं मान्य. जॅकेटवर मी ठाम आहे. फक्त माझ्या यादीत पाठीचा फोम बदलायचे पैसे धरले नव्हते, त्यामुळे ती पंधराच्या वर जाते. तेवढे महिनाभर थांबून घाला.

एक राहिलं. दोन्ही पक्षांचे लोक वर लॅपटॉपची सॅक अडकवतात. सॅक जाळीचा वारा अडवते, पट्टे खांद्याचं पॅड जागेवरून ओढतात, आणि पाठीवर पडलात तर चार्जरचा ठोकळा बरोबर मणक्यावर. मागच्या सीटवर चार टोकांना बांधायची टेल-बॅग घ्या. सिंगल हुकवाली बंजी दोरी नको, सुटली तर थेट मागच्या चाकात जाते.

वैदर्भी_ऊन

टेल-बॅग ठीक. पण मागे बायको-पोरगं बसणार असेल तर ती कुठे बांधू? आणि पंधरा हजारांत मागच्या माणसाचं हेल्मेट कुणाच्याच यादीत दिसलं नाही. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतं, मोटार वाहन कायदा, कलम १२९.