मदत हवी आहे : सॅट ऐच्छिक असलेली कॉलेजं आणि अकरावीचे 61 टक्के

नमस्कार. लेक नाशिकला बारावी सायन्सला आहे, आपलं स्टेट बोर्ड. तिला पर्यावरणशास्त्र शिकायला अमेरिकेला जायचंय. आमच्या घरात अजून कुणी पासपोर्टही काढलेला नाही, त्यामुळे विचारायला जवळचं माणूस नाही. म्हणून इथे लिहितेय.

दहावीला 93 टक्के, अकरावीला 61, सॅटला (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) 1600 पैकी 1270.

अकरावीचं आधी सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. दहावीनंतर चारचौघांसारखं आम्हीही तिला जेईईच्या क्लासला घातलं. कॉलेज नावापुरतं. क्लासचे सर म्हणायचे, अकरावी कोण बघतंय, आणि आम्हीही तेच म्हणायचो. वार्षिक परीक्षेला पोरगी जवळजवळ कोरीच जाऊन बसली. पुढे तिने तो क्लास सोडला, तो भाग वेगळा. गुणपत्रक आत्ता समोर आहे. पातळ पिवळट कागद, गुण हाताने लिहिलेले, शिक्का अर्धा कडेबाहेर गेलेला. फिजिक्स 100 पैकी 51. हा कागद कधी साता समुद्रापार जाईल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

सॅटचं चित्र दरवर्षी बदलतंय. एमआयटीने ती 2022 मध्ये पुन्हा सक्तीची केली, डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेकने 2024 मध्ये. ती नावं आमच्या यादीत नाहीतच. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजात मात्र ती 1969 पासून ऐच्छिक आहे, आणि परदेशी मुलांच्या अर्जातही आईवडिलांची ऐपत न बघता ते प्रवेश ठरवतात. म्हणून ते तिच्या यादीत सगळ्यात वर आहे. अर्थात तिथे शंभरातल्या दहांनाही प्रवेश मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, डेव्हिस वगैरे सगळ्या कॅम्पसचं आणखी वेगळं : प्रवेश देताना स्कोअर बघतच नाहीत, दिला तरी नाही.

हे ऐकून आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं, स्कोअर बाजूला गेला की सगळा भार नववी ते बारावीच्या गुणांवर येतो. म्हणजे आपल्याकडे जे वर्ष सगळे सोडून देतात, नेमकं तेच तिथे तोलून बघणार.

दुसरी अडचण ऑफिसची. नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी कॉलेजात, दोन्हीकडची कागदपत्रं वेगळी. कॉमन ॲपसाठी (बऱ्याच अमेरिकी कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) कौन्सेलरने, म्हणजे कॉलेजातल्या मार्गदर्शकाने, शिफारस, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र अधिकृत तक्ता) आणि कॉलेजच्या माहितीचं पान ऑनलाइन पाठवायचं असतं. कॉलेजात कौन्सेलर नाही. ऑफिसातल्या बाई चांगल्या आहेत, पण म्हणाल्या, "ट्रान्स्क्रिप्ट म्हणजे गुणपत्रकच ना? झेरॉक्सवर शिक्का मारून देते." शिफारसपत्र मागितलं तर वर्तणुकीचा दाखला हातात आला.

आणि तिची जमेची बाजू कुठल्याच रकान्यात बसत नाही. दीड वर्षं दर रविवारी ती गोदावरीचं पाणी तपासतेय, रामकुंडापाशी आणि खाली टाकळीला नासर्डी मिळते तिथे. तारीख, तापमान, पीएच, पाण्याचा रंग, वास, सगळं दोनशेपानी वहीत. पावसात भिजून फुगलेली पानं तिने इस्त्री करून सपाट केलीत. कॉमन ॲपमध्ये एका उपक्रमाला 150 अक्षरं. त्यात ही वही कशी मावायची?

तर 1270 द्यायचा की ठेवायचा? ऑक्टोबरची सॅट द्यायला लावू का? डोक्यावर बोर्डाची परीक्षा आहे. आणि स्टेट बोर्डाच्या कुणी कौन्सेलरचं कसं निभावलं?

प्रतिसाद :

ताई, माझा मुलगा स्टेट बोर्डातूनच गेला, म्हणून लिहितो. स्कोअरचं एका नियमात बसत नाही. प्रत्येक कॉलेजचा कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजने जाहीर केलेली आकडेवारी, नेटवर शोधा, त्यात सी9 हा भाग बघा. प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी सॅटचा स्कोअर दिला आणि त्यांच्या गुणांचा मधला पट्टा (मधल्या निम्म्या मुलांचे गुण), दोन्ही तिथे असतं. लक्षात ठेवा, तो पट्टा फक्त स्कोअर देणाऱ्यांचा असतो, म्हणून वर सरकलेला दिसतो. 1270 पट्ट्याखाली असेल तिथे देऊ नका, आत असेल तिथे नक्की द्या. तुमच्या अकरावीला तो आधार होईल. बोडनला नको.

कौन्सेलर म्हणून प्राचार्य किंवा एखादे शिक्षक चालतात. कॉलेजच्या माहितीचं पान मात्र मागे लागून करून घ्या. अकरावीला वर्गात पहिल्या आलेल्याला किती टक्के होते, ते त्यात लिहायला सांगा. तो 72 टक्क्यांवरच थांबला असेल तर 61 कडे बघायची नजरच बदलते. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणांची सरासरी) स्वतः करू नका, कागदावर आहे तसंच भरा.

कॅलिफोर्नियाला शिफारसपत्र लागत नाही, अर्ज करताना ट्रान्स्क्रिप्टही नाही, गुण आपणच भरायचे. प्रत्येकी 350 शब्दांपर्यंतची चार उत्तरं लिहायची असतात. वही तिथे मावेल. खर्च मात्र वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढे आणि परदेशी मुलांना मदत जवळजवळ नाही, हे घरात आधी बोलून घ्या.

धागाकर्ती :

दादा, खूप आभार. काल प्राचार्यांना भेटले. अकरावीला वर्गात पहिल्या आलेल्याला 76 आहेत, आणि आमची साठ जणांत नववी. हे आम्हाला घरी माहीतच नव्हतं! सर पानावर सही करायला तयार आहेत, म्हणाले मसुदा तुम्हीच आणा. कॅलिफोर्नियाचा खर्च आमच्या आवाक्याबाहेर आहे, ते नाव काढलं. ऑक्टोबरची सॅटही नको, असं तीच म्हणाली, रविवार नदीला हवेत.

स्टेट बोर्डाच्या कॉलेजने पाठवलेल्या माहितीच्या पानाचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया नावं झाकून इथे टाका. सोमवारी सरांकडे जायचंय.